जमीन राखण्याचे पैसे कोणाच्या हाती?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, किंचित संक्षेपाने.)



आजच्या विषयाला कार्यक्रमपत्रिकेवर 'मृद्‌संधारण, जलसंधारण आणि शासकीय अनुदाने' असे भारदस्त नाव दिलेले आहे. विषय मात्र साधा आहे. शेतातील माती वाहून जाऊ नये, पडलेले पाणी शिवारातच मुरावे, म्हणून सरकार जमीनधारकाला पैसे देते. हे पैसे द्यावेत काय, द्यावयाचे तर नेमके कशाबद्दल, आणि दिल्यावर ते अखेरीस कोणाच्या पदरात पडतात, असे तीन प्रश्न यातून निघतात. पहिल्या दोहोंवर तज्ज्ञांनी भरपूर लिहिले आहे. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच आपला आहे. म्हणून पहिले दोन थोडक्यात उरकून मी तिसऱ्याकडे वळणार आहे.

सार्वजनिक पैसा खासगी जमिनीवर खर्चच का करावा? अर्थशास्त्रात याचे उत्तर पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात देऊन ठेवले आहे. एखाद्याच्या कृतीचा लाभ किंवा तोटा जेव्हा दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो, तेव्हा केवळ स्वतःच्या हिशेबाने वागणारा माणूस समाजाच्या दृष्टीने योग्य तेवढे करीत नाही. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याने बांध घातला तर त्याची थोडी माती वाचते हे खरे. पण खालच्या विहिरींना पाणी वाढते, ओढ्याकाठची जमीन खरवडली जात नाही आणि धरणात गाळ कमी येतो. या लाभांचे पैसे त्याला कोणी देत नाही. बांधाने अडवलेला जमिनीचा पट्टा मात्र त्याचाच जातो. उतारावरची जमीन बहुधा हलकी, मुरमाड आणि गरिबाची असते, ही गोष्ट मनात ठेवली म्हणजे अशा शेतकऱ्याला समाजाने मदत करणे हा उपकार नसून देणे आहे, हे मान्य व्हावयास अडचण पडू नये.

आपल्याकडे हा विचार पिगूच्याही आधीचा आहे. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना सरकारला सुचवले होते की, लष्करातील व पोलिसातील रिकाम्या शिपायांकडून जागोजागी तालीवजा बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग नदीनाल्यास मिळेल. यातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. जोतीराव बंधारे बांधण्यासाठी जमीनमालकाला रोख रक्कम द्या, असे म्हणत नाहीत. काम सरकारने करावे आणि ते एकेका मालकाच्या तुकड्याचे नव्हे तर सबंध शिवाराचे करावे, असे ते म्हणतात. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत आपण नेमके उलट्या दिशेने गेलो.

मुंबई इलाख्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. दुष्काळी कामे म्हणून विजापूर-सोलापूरकडे समपातळी बांध घातले जात होते, त्यांना या कायद्याने आधार मिळाला. योजना गावाची किंवा क्षेत्राची असे, खात्याने ती आखावयाची आणि खर्चाचा काही भाग जमीनधारकांकडून वसूल करावयाचा, अशी रीत होती. तिच्यात दोष पुष्कळ होते. समपातळीची रेषा शेताची हद्द पाहून जात नाही. तिरका बांध शेतातून गेला की कोपरा तुटतो, औत वळत नाही. भारी काळ्या जमिनीत बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडे आणि मोठ्या पावसात बांध फुटून घळी पडत. शेतकऱ्याने तो बांध नांगरून टाकला तर त्याला अडाणी म्हणण्याची अधिकाऱ्यांना सवय होती. वस्तुतः त्याचा हिशेब चोख होता. ज्याच्या आखणीत त्याला कोणी विचारले नव्हते, त्या बांधाचा तोटा तो सोसत होता. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट त्या पद्धतीत बरोबर होती. शिवार हे एक आहे, हे तीत गृहीत धरलेले होते.

आता थोडे दूर जाऊ. जमीन राखण्यासाठी जमीनमालकाला थेट पैसे देण्याच्या आधुनिक पद्धतीचे मोठे उगमस्थान अमेरिकेत आहे, आणि त्या इतिहासाचा एक भाग तेथील समाजवाद्यांनी रक्त आटवून लिहिला आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावा, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

१९३३ साली मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले असताना रूझवेल्ट सरकारने शेतीसुधार कायदा केला. पीक कमी काढा, आम्ही पैसे देऊ, असा त्याचा आशय. त्या वर्षी दक्षिणेतील सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. या कापसाच्या मुलखात जमीन मळेवाल्यांची आणि कसणारे वाटेकरी, काळेही आणि गोरेही. १९३४-३५च्या करारात पडीक ठेवलेल्या कापसाबद्दल पौंडामागे साडेचार सेंट मिळावयाचे. त्यातला अर्धा सेंट वाटेकऱ्याचा, बाकीचे चार मालकाचे. शिवाय पीकच कमी काढावयाचे म्हटल्यावर इतके वाटेकरी हवेत कशाला? मालकांनी त्यांना काढावयास सुरुवात केली. सरकारी पैशाने ट्रॅक्टर आले आणि झोपड्या ओस पडल्या.

याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील टायरोंझा या गावी दक्षिणी कूळ-शेतकऱ्यांची युनियन स्थापन झाली. एच. एल. मिचेल आणि क्ले ईस्ट हे तिचे दोन प्रमुख संस्थापक समाजवादी पक्षाचे होते. एकाचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान, दुसऱ्याचा पेट्रोल पंप. पक्षाचे नेते नॉर्मन थॉमस तेथे स्वतः जाऊन आले. काळ्या-गोऱ्यांची एकच संघटना करणे त्या काळी त्या भागात जिवावरचे होते, आणि ते त्यांनी केले. करारात एक कलम होते की, मालकाने शक्यतो पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत. शेतीखात्यातील काही तरुण वकिलांनी त्याचा अर्थ 'तीच माणसे ठेवली पाहिजेत' असा लावला. परिणाम असा झाला की, फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक यांच्यासह त्या वकिलांनाच नोकरीवरून कमी करण्यात आले. हेन्री वॉलेस हे मंत्री तसे भले गृहस्थ होते; परंतु मळेवाल्यांचे वजन काँग्रेसमध्ये होते आणि वाटेकऱ्यांना तर मतदानाचाही हक्क बहुधा नव्हता.

येथपर्यंत 'संधारण' हा शब्द आलेला नाही. तो कसा आला ते पाहा. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. मग आठ आठवड्यांच्या आत, २९ फेब्रुवारीला, नवा कायदा आला. त्याचे नाव मृद्‌संधारणाचे. आता पैसे पीक कमी काढण्याबद्दल नव्हेत, तर जमीन झिजवणाऱ्या पिकांकडून जमीन राखणाऱ्या पिकांकडे वळण्याबद्दल. झिजवणारी पिके कोणती? कापूस, मका, गहू, तंबाखू. म्हणजे ज्यांचे उत्पादन घटवावयाचे होते नेमकी तीच! राखणारी म्हणजे गवते व शेंगवर्गीय पिके. या योगायोगाकडे सहानुभूतीने पाहता येते, कारण धुळीची वादळे खोटी नव्हती. १४ एप्रिल १९३५च्या 'काळ्या रविवारी' मैदानी राज्यांवर भरदिवसा अंधार पडला होता, आणि ह्यू बेनेट यांच्यासारखा मातीवर जीव असलेला माणूस मृद्‌संधारण खात्याच्या प्रमुखपदी होता. तरीदेखील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एवढे टिपून ठेवावे की, भाव टिकवण्यासाठी मालकाला द्यावयाच्या पैशाला संधारणाचे वस्त्र नेसवता येते, आणि ते नेसवल्यावर त्या पैशाबद्दल प्रश्न विचारणे जरा अप्रशस्त वाटू लागते.

वाटेकऱ्याला वाजवी हिस्सा द्या, असे मग कायद्यात आले. १९३८च्या कायद्याने तो पिकातील वाट्याच्या प्रमाणात ठरवला. त्याचे फळ जानेवारी १९३९ मध्ये मिसुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात दिसले. वाटेकरी असला तर त्याला हिस्सा द्यावा लागतो, रोजंदार असला तर नाही. मालकांनी वाटेकरी काढून रोजंदार लावले. ओवेन व्हिटफील्ड या काळ्या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजाराहून अधिक माणसे, बायकामुलांसह, कडाक्याच्या थंडीत हमरस्त्याच्या कडेला भांडीकुंडी मांडून बसली. काही दिवसांतच आरोग्याचे निमित्त सांगून सरकारने त्यांना तेथून हलवले.

मी हे इतक्या विस्ताराने सांगितले, कारण हक्क कागदावर असून भागत नाही हे या हकिगतीत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. अनुदान जमिनीला चिकटवले की ते जमीनमालकाकडेच वाहते. मध्ये कायद्याचा बांध घातला तर ते बांधाला वळसा घालून जाते. रिकार्डोने खंडाविषयी १८१७ साली सांगितले, त्याचाच हा विस्तार आहे. एकरी ठरावीक रक्कम दरसाल मिळणार हे कळले की, ती जमिनीच्या किमतीत आणि खंडात मुरते.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. १९८५च्या अमेरिकन कायद्याने झिजणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे पिकातून काढून गवताखाली ठेवण्याबद्दल वार्षिक भाडे देण्याची योजना आणली. माती वाचली, पक्षी परत आले, हे नाकारण्याचे कारण नाही. २००७ साली या योजनेखाली सुमारे ३ कोटी ६७ लाख एकर जमीन होती. मग मक्यापासून इंधन होऊ लागले, धान्याचे भाव चढले, आणि करार संपताच लक्षावधी एकर पुन्हा नांगराखाली गेले. २०१४च्या कायद्याने तर मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणून ठेवली. भाड्याने घेतलेले संधारण भाडे चालू असेपर्यंत टिकते. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने याहून मौजेचा प्रकार केला होता. पाणथळ जागा कोरडी करू नये म्हणून मालकाला बुडालेला नफा भरून द्यावयाचा! 'मी निसर्गाची नासधूस करणार आहे' एवढी धमकी दिली की पैसे मिळण्याचा मार्ग मोकळा. आपल्याकडील खंडणीशास्त्रालाही हे सुचले नव्हते.

आता घरी येऊ. २०१६ साली महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये, पुढे २०२२च्या अर्थसंकल्पात ते ७५,००० करण्यात आले. पात्रतेची पहिली अट काय होती? नावावर किमान ०.६० हेक्टर जमीन. मागेल त्याला हे नाव खरे. पण मागण्यासाठी हातात सातबारा हवा, आणि तोही दीड एकरांचा. त्याहून लहान तुकडेवाला शेतकरी, वाटेकरी, खंडाने कसणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेली विधवा किंवा परित्यक्ता, या सर्वांना दार बंद.

आणि शेततळ्याचे झाले काय? पावसाचे वाहते पाणी अडवून कोरडवाहू पिकाला एखादे संरक्षक पाणी देता यावे, ही मूळ कल्पना उत्तम होती. परंतु शेततळ्याच्या तळाशी प्लास्टिक अंथरले की त्यातून पाणी मुरत नाही. त्याची टाकी होते. द्राक्षे, डाळिंबाच्या पट्ट्यात तर बोअरवेलचे पाणी वर उपसून या टाक्यांत भरून ठेवण्याची पद्धत सर्रास पडली. जमिनीखाली जे पाणी सर्वांचे होते आणि उन्हापासून सुरक्षित होते, ते एकाच्या मालकीचे होऊन उन्हात आटू लागले. अलीकडे अशाच एका शिवारात मी उभा होतो. निळेशार, भरलेले तळे, भोवती तारेचे कुंपण. त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वस्तीवर टँकरची वाट पाहत लावलेली पिंपांची रांग. सरकारी दप्तरात त्या तळ्याची नोंद जलसंधारण अशीच आहे.

ठिबक सिंचनाची कथा याच घराण्यातली आहे. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अशी अनुदानाची रचना राहिली आहे. राज्याने त्यात भर घातली. दर एकरी पाणी कमी लागते, हे सत्य आहे. मात्र वाचलेले पाणी विहिरीतच राहावे, अशी अट कोठेही नाही. ते पाणी शेजारच्या एकरावर जाते, किंवा ज्वारीच्या जागी ऊस येतो. जेव्हन्सने १८६५ साली कोळशाविषयी हेच लिहिले होते. यंत्र काटकसरीचे झाले की इंधनाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो. दोष शेतकऱ्याचा नाही. ज्याला भाव मिळतो ते पीक तो घेणारच. ज्या गोष्टीसाठी पैसे दिले ती गोष्ट झाली की नाही, हे न पाहणाऱ्या योजनेचा तो दोष आहे.

यात मजुराचे काय झाले? १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध यांच्यावर लाखो मजूर खपले. त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया असत. पाझर तलावाचे पाणी खालच्या विहीरवाल्याला मिळाले आणि मजुराला मजुरी, अशी तेव्हाच टीका होती. ती टीका योग्य होती. आज मागे वळून पाहता एवढे तरी म्हणावे लागते की, तेव्हा निदान मजुरी मिळत होती. शेततळी बहुतांशी यंत्रांनीच खोदली गेली. भूमिहीनाच्या वाट्याला पाणी तर नाहीच, आता घमेलेही नाही.

किंबहुना कित्येक गावांत भूमिहीनाने संधारणासाठी उलट पैसे मोजले आहेत, फक्त ते कोणी मोजले नाहीत. पाणलोट विकासात चराईबंदी व कुऱ्हाडबंदी येते. गवत उगवावे, झाडे वाढावीत म्हणून ती लागतेच. पण गायरानात शेळ्या कोणाच्या चरत होत्या? ज्याला शेत नाही त्याच्या. सरपण कोण आणत होती? जिच्या घरी गॅसची टाकी भरावयास पैसे नाहीत ती. त्यांनी शेळ्या विकल्या, आणि तीन-चार वर्षांनी पाणी चढले ते विहीरवाल्यांच्या विहिरींना. पिगूच्या भाषेत बोलावयाचे तर येथे लाभ एकाच्या अंगणात आणि खर्च दुसऱ्याच्या पाठीवर, आणि नुकसानभरपाईचा पत्ता नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही टीका करता, पण दुसरे काही शक्य होते का? होते. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे या अभियंत्याने १९७२च्या दुष्काळानंतर, १९७४च्या सुमारास, देवस्थानची सुमारे चाळीस एकर उघडीबोडकी जमीन खंडाने घेऊन प्रयोग आरंभला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम सांगतो, कारण ते ऐकूनच काय ते कळते. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, पाच जणांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन पन्नास एकर असली तरी तेवढेच. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. खर्चाची विभागणी अशी की, निम्मे सरकारी अनुदान, वीस टक्के सभासदांचे आणि उरलेले तीस टक्के संस्थेने बिनव्याजी उचलून द्यावयाचे.

म्हणजे अनुदान येथेही होतेच, आणि थोडेथोडके नव्हते. पन्नास टक्के! फरक एवढाच की, ते सातबाऱ्यावर न उतरता गटावर उतरले, आणि गटात शिरावयाचे तर पाणी वाटून घ्यावे लागे. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या प्रयोगाचे कौतुक सरकारने पुष्कळ केले. पण माणसाला पाणी हे तत्त्व कोणत्याही मोठ्या शासकीय योजनेची अट मात्र झाले नाही. उचलजल योजनेत वीजबिलाची अडचण येते, गटात भांडणे होतात, काही गट मोडले, हे मला ठाऊक आहे. सहकारी साखर कारखान्यांतही भांडणे होतात; म्हणून त्यांना मिळणारी मदत कोणी थांबवलेली नाही.

आमच्यातील काही शेतकरी नेते म्हणतात की अनुदान ही भीक आहे, आम्हांला रास्त भाव द्या, संधारण आम्ही आमच्या खर्चाने करू. भावाची मागणी न्याय्य आहे. परंतु भाव पिकाला मिळतो, आणि जो जास्त पिकवतो त्याला जास्त मिळतो. उतारावरच्या दोन एकर नाचणीवाल्याला भावाने बांध घालता येणार नाही. दुसरीकडे काही अर्थतज्ज्ञांना सारीच अनुदाने मोडीत काढावयाची आहेत. त्यांच्याशीही आपले जमणार नाही. माती गेली की ती आपल्या हयातीत परत येत नाही. तिच्यावर सरकारने आज करतो त्याहून अधिक खर्च केला पाहिजे, कमी नव्हे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात काय करावयाचे, हे सांगून मी थांबतो. शेततळे, ठिबक, बांधबंदिस्ती यांच्या लाभार्थींच्या गेल्या पाच वर्षांच्या गाववार याद्या मागवून घ्या. माहितीच्या अधिकारात त्या मिळाल्या पाहिजेत. त्या याद्या जमीनधारणेच्या नोंदींशी ताडून पाहा, म्हणजे कोणत्या आकाराच्या शेतकऱ्याला किती गेले ते निघेल. त्याच गावात फिरून दुसरी यादी करा: कोण कोणाची जमीन वाट्याने किंवा खंडाने कसतो, आणि बांध घालण्याचे काम प्रत्यक्षात कोणी केले. कुळकायद्याच्या भीतीने मालक हे तोंडी व्यवहार सांगणार नाहीत, वाटेकरीही प्रथम सांगणार नाही. त्याच्यावर दडपण येणार नाही अशा बेताने विचारा, आणि त्याची इच्छा नसेल तर नाव लिहू नका, फक्त संख्या लिहा. वर मिसुरीची हकिगत सांगितली ती येथे आठवावी. आपण वाटेकऱ्याला हिस्सा मागावा आणि मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, असे होता कामा नये. म्हणून मागणी व्यक्तीच्या नावाने न करता गावाच्या नावाने करणे अधिक सुरक्षित आहे. संधारणाचे अनुदान पाणलोटाच्या गटाला मिळावे, वाढलेल्या पाण्यात भूमिहीन कुटुंबांचा माणशी वाटा ठरलेला असावा, बोअरचे पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या तळ्याला एक पैसाही मिळू नये, आणि चराईबंदीच्या काळात शेळीवाल्यांना चाऱ्याचा खर्च त्याच निधीतून मिळावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. लोकवाटा कोणी दिला, हेही विचारा. तो मजुरांच्या मजुरीतून कापला गेला असेल तर तसे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

याद्यांचे नमुने मी करून आणले आहेत, ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक तालुक्याने दोन गावे तरी निवडावीत, एक वरच्या अंगाचे आणि एक धरणाखालचे.